चौदा तोतये

रात्री पावणेतीनला फोन वाजला तेव्हा मला वाटलं डिस्क भरली असेल. महिनाअखेरीला साधारण तेच होतं. पलीकडे शिफ्टवरची ज्युनिअर मुलगी होती. म्हणाली, "सर, फाइल आपलीच आहे, पण आपल्यालाच हलवता येत नाहीये."

त्या शनिवारी आम्ही ३६ नवे लिनक्स सर्व्हर उभे केले होते. उभे केले म्हणजे काय, बटण दाबलं. मशीन नेटवर्कवरून ओएस घेतं, पहिल्या बूटनंतर पपेट (मशीन ठरल्याप्रमाणे लावून देणारं हत्यार) येतो आणि पॅकेजेस, माउंट, क्रॉन सगळं लावून टाकतो. साडेबारापर्यंत छत्तीसच्या छत्तीस रिपोर्ट हिरवे होते. मी ग्रुपवर अंगठा टाकून झोपलो. एकनंतर बिलिंगची बॅच त्याच मशीनवर सुरू होणार होती.

लॅपटॉप उघडून तिच्याबरोबर बघायला बसलो. बॅच ‘बॅचरन’ नावाच्या खात्याने चालते. हे खातं कुठल्याच मशीनवर नसतं. ते कंपनीच्या एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या मध्यवर्ती यादीत, असतं आणि त्याचा नंबर २०४१७. बॅचचा पहिला टप्पा एका मशीनवर चालतो आणि शेअरवरच्या (सगळ्या मशीनना दिसणाऱ्या सामायिक डिस्कवरच्या) स्क्रॅच फोल्डरमध्ये फाइल टाकतो. दुसरा टप्पा दुसऱ्या मशीनवरून ती फाइल उचलतो. स्क्रॅच फोल्डर ‘टेम्प’सारखा आहे, लिहायची मुभा सगळ्यांना, पण दुसऱ्याची फाइल हलवता येत नाही.

तिने पहिल्या मशीनवर फाइलचा मालक बघितला. बॅचरन. मी दुसऱ्या मशीनवरून तीच फाइल बघितली. तिथे नावाच्या जागी नुसता आकडा होता, १००१. मग काय सुचलं कोण जाणे, एका जुन्या मशीनवरून बघितली. तिथे मालक म्हणून बाहेरच्या व्हेंडरचं खातं दिसलं. फाइल एक, मालक तीन. पोटात गोळा आला, कारण त्या फाइलमध्ये ग्राहकांची बिलं होती आणि त्या जुन्या मशीनवर व्हेंडरची माणसं लॉगिन करतात.

शेअर चालतो एनएफएसवर, आणि एनएफएसला नाव कळत नाही, आपल्या मांडणीत तरी नाही. तारेवरून जातो तो नंबर. त्या नंबराला नाव द्यायचं काम प्रत्येक मशीन आपापल्या वहीत बघून करतं. मी पहिल्या मशीनवर ‘एटसी पासवर्ड’ फाइल, म्हणजे त्या मशीनची स्वतःची वही, उघडली. शेवटच्या ओळीत बॅचरन होता, नंबर १००१. तिथे तो असण्याचं काही कारणच नव्हतं. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला होता, तसं नाव तेच, माणूस भलताच. आणि नाव कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या ‘एनएसस्विच’ फाइलमध्ये आमचा क्रम आधी लोकल फाइल, मग डिरेक्टरी असा आहे. त्यामुळे डिरेक्टरीतल्या खऱ्या बॅचरनला कोणी विचारणारच नव्हतं. छत्तीसही मशीनवर ती ओळ शोधली. चौदांवर सापडली.

खातं बनवलं कोणी? लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: पपेटने, ११ वाजून ४८ मिनिटांनी, यशस्वीरीत्या. आणि पपेटला ते सांगितलं होतं मी, तीन वर्षांपूर्वी.

तेव्हा नव्या मशीनवर फाइलचा मालक बॅचरन करायला गेलं की पपेट रडायचा, असा युझर सापडत नाही म्हणून. डिरेक्टरीशी बोलणारी एसएसएसडी सर्व्हिस तोवर सुरूच झालेली नसायची. मी क्रम लावून दिला: आधी एसएसएसडी, मग ‘बॅचरन हा युझर हजर हवा’, मग फाइली. मधली ओळ माझ्या लेखी नुसती खातरजमा होती. पपेटच्या लेखी तो हुकूम होता. हजर असेल तर ठीक, नसेल तर बनव. तीन वर्षं तो दर अर्ध्या तासाला विचारत होता, डिरेक्टरी "आहे" म्हणत होती, आणि कधी काही बनवायची वेळच आली नाही. नंबरही मी लिहिला नव्हता. लिहिला असता तर निदान तोतयाचा नंबर तरी बरोबर निघाला असता.

त्या रात्री पहिला डिरेक्टरी सर्व्हर पॅचिंगला घेतला होता, ११:३५ ते १२:२०. कोणाला कळवलं नव्हतं असंही नाही, कॅलेंडरवर होतं. दुसरा सर्व्हर चालूच होता, त्यासाठीच तर दोन आहेत. पण नवी मशीनं नव्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात होती, आणि तिथून फायरवॉलने डिरेक्टरीचं ६३६ पोर्ट फक्त पहिल्याच सर्व्हरकडे उघडलं होतं. जुन्या मशीनना काहीच जाणवलं नाही. नव्या मशीनवर एसएसएसडी सुरू झाली, सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टीमडीने ‘ॲक्टिव्ह’ म्हणून हिरवा ठिपका दिला आणि पपेट पुढे सरकला. सर्व्हिस चालू होती, पण तिला उत्तर देणारं कोणी नव्हतं. मशीन कोरं, कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या उत्तरांतही काही नाही. मग युझर आहे का विचारल्यावर रिकामे हात परत आले.

खरी मेख इथे आहे. "असं खातं नाही" आणि "मला माहीत नाही, कारण कोणी फोनच उचलत नाही" या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आतल्या कोडमध्ये दोन्हींना वेगळे संकेत आहेतही. पण वर येईपर्यंत बहुतेक हत्यारं दोन्हींचं एकच "सापडलं नाही" करून टाकतात.

सोमवारी हे सांगितल्यावर आमचे सर हसले. ते एनआयएसच्या, म्हणजे एलडॅपच्या आधीच्या तसल्याच खात्यांच्या यादीच्या काळातले. एनआयएसचं मूळ नाव यलो पेजेस. ब्रिटिश टेलिकॉमच्या ट्रेडमार्कमुळे ते बदलावं लागलं, पण कमांडच्या सुरुवातीचं ‘वायपी’ अजून तसंच राहिलं आहे. म्हणाले, "आमच्या वेळी सर्व्हर गेला की मशीन ताटकळत उभं राहायचं. लॉगिन नाही, काही नाही, कन्सोलवर नुसतं ‘नॉट रिस्पाँडिंग’. आम्ही शिव्या घालायचो. पण निदान थांबायचं तरी, थापा मारायचं नाही."

पहाटे तीनला मात्र हसायला सवड नव्हती. आधी बॅच थांबवली, कारण खात्याची प्रोसेस चालू असताना ‘युझरडेल’ कमांड ते खातं काढू देत नाही. पपेट छत्तीसही ठिकाणी बंद केला. ज्युनिअर पहिल्या मशीनवर कमांड टाइप करत होती आणि सवयीने मागे ‘-आर’ लावलं. मी जवळजवळ ओरडलोच, "थांब! होम शेअरवर आहे!" ‘-आर’ने खात्याचं होम फोल्डरही पुसलं जातं. शेअरवर ते खरंच पुसलं गेलं असतं का, याची परीक्षा मला त्या वेळी घ्यायची नव्हती. तिने बॅकस्पेस दाबल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

मग फाइली. १००१च्या सगळ्या फाइली सरसकट २०४१७च्या नावावर करता येईनात, कारण शेअरवर व्हेंडरच्या खऱ्याखुऱ्या फाइलीही १००१च्याच. म्हणून ‘फाइंड’ला वेळेची अट घातली: शनिवारी रात्री ११:३०नंतर बदललेल्याच. यादी आधी नुसती छापून दोघांनी ओळ न् ओळ वाचली, मग मालक बदलला. साडेपाचला बॅच पुन्हा सुरू झाली. व्हेंडरच्या मशीनचे लॉग सिक्युरिटीवाल्यांना दिले. रात्रभरात तिथे कोणी लॉगिन केलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती ओळ काढली. तिच्या जागी एक साधा प्रश्न घातला. डिरेक्टरीत ‘हजेरी’ नावाचं खातं बनवलं, ज्याचं दुसरं काहीच काम नाही. पपेट आधी हजेरीला हाक मारतो, दहा-दहा सेकंदांनी तीस वेळा. ओ आली नाही तर तो रन तिथेच लाल होतो, आणि त्यावर अवलंबून असलेलं सगळं पपेट आपोआप वगळतो. ओ आली आणि तरीही बॅचरन सापडला नाही, तर तो खरंच नाही. पण तेव्हाही बनवायचं नाही, बोंब मारायची.

मी हा प्रश्न आधी ‘गेटेंट’ने, म्हणजे एसएसएसडीमार्फत विचारणाऱ्या कमांडने, लिहिला होता. ज्युनिअरने बघितलं आणि म्हणाली, "सर, पण जुन्या मशीनवर हजेरी कॅशमधूनच ओ देईल ना?" देणारच. डिरेक्टरी बंद असली की एसएसएसडी साठवलेलं उत्तर खुशाल देत राहते, ती त्यासाठीच आहे. मग ‘एलडॅपसर्च’ने थेट सर्व्हरलाच विचारायचं ठरलं. फायरवॉलचा नियम नेटवर्कवाल्यांनी दोन मिनिटांत दुरुस्त केला, तिकीट मंजूर व्हायला चार दिवस लागले.

दीड महिन्याने जुना आर्काइव्ह साफ करताना एका फोल्डरमध्ये १००१ची एक फाइल दिसली. तारीख तीन आठवडे आधीची. व्हेंडरची म्हणून सोडून देणार होतो, पण नाव आमच्या बिलिंगचं. त्या रात्री बॅचने ती ‘सीपी -पी’ने आणली होती, त्यामुळे जुनी तारीख तशीच राहिली आणि माझ्या ‘फाइंड’च्या अटीतून ती अलगद निसटली. अट एमटाइमवर (मजकूर बदलल्याची वेळ) नाही, सीटाइमवर (फाइलची नोंद शेवटची बदलल्याची वेळ, जी कॉपी करताना राखता येत नाही) लावायला हवी होती. पुन्हा शोधलं तर तशा अकरा निघाल्या.