चाकातला ढिलेपणा: वेसाव्याच्या खाडीतल्या बोटीची नोंद

गेल्या मोसमाच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत बोटीच्या स्टिअरिंगचं चाक हाताला सैल लागायला लागलं. वळवलं की आधी नुसतंच मोकळं फिरायचं, मग इंजिन वळायचं. शिवाय सरळ जाताना बोट डावीकडे ओढ घ्यायची. मुंबईतल्या वेसाव्याच्या खाडीत एकीकडे मढची फेरीबोट, दुसरीकडे परतणारे मचवे आणि ओहोटीला उघडा पडणारा गाळ. तिथे असं चाक घेऊन जायला मन धजेना. पावसाळ्यात बोट ट्रेलरवरच असते, म्हणून नारळी पौर्णिमेच्या आत छडा लावायचा असं ठरवलं.

बोट 17 फुटी, फायबरची. मागे 40 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन; चाक फिरवलं की ते अख्खंच वळतं. स्टिअरिंग साधं केबलचं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं असतं तर आधी तेलाची पातळी आणि आत शिरलेली हवा पाहिली असती.

सुरुवात मोजण्यापासून केली. चाकाच्या कडेवर आणि डॅशवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि भाच्याला इंजिनपाशी उभं केलं. मी चाक हळूहळू फिरवतोय आणि तो सांगतोय, "नाही मामा, अजून नाही." तो "हललं!" म्हणाला तोवर चाकाची कड 7 सेंटिमीटर सरकली होती.

ज्याला विचारावं तो म्हणे, केबल गेली, बदलून टाक. मीही मागवणारच होतो. तेवढ्यात जेट्टीवरचे एक तांडेलकाका म्हणाले, "चाकाकडनं बघू नको रे, इंजिनाकडनं पुढे ये." हा सल्ला लाखमोलाचा ठरला.

इंजिनचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. इंजिन ज्यावर टांगलंय त्या ब्रॅकेटच्या बुशमध्ये काही ढिलेपणा नव्हता. मग भाच्याला चाकावर बसवलं आणि केबलचा दांडा इंजिनला जोडणाऱ्या लिंक रॉडच्या सांध्यावर हाताचं बोट ठेवलं. डोळ्यांना काही दिसण्याआधी बोटाला टिक लागली. तिथल्या लॉकनटमधलं नायलॉन झिजलं होतं. नवा नट लावल्यावर 7 चे 5 झाले. केबलचा दांडा ज्या आडव्या नळीतून इंजिनपाशी जातो ती टिल्ट ट्यूब; केबल तिला जिथे जोडलेली असते तिथला मोठा नटही सुटत आला होता. तो आवळल्यावर 4.

खरी गोष्ट लिंक रॉड सोडल्यावर कळली. इंजिन एका हाताने सहज वळत होतं, पण चाक फिरवलं की केबलचा दांडा ट्यूबमधून अडखळत, झटक्याने बाहेर येत होता. भाचा ओरडला, "मामा, केबल फुगतेय!" खरंच, दांडा हलण्याआधी बाजूच्या कठड्याखाली केबलचं आवरण कमानीसारखं वाकत होतं. म्हणजे मागे दांडा अडकलेला, त्यामुळे चाकाचा पहिला जोर केबल वाकवण्यातच जायचा. मी ज्याला ढिलेपणा समजत होतो, त्यातला मोठा भाग मागच्या जखडण्याचा होता.

केबल बाहेर काढली तर ट्यूबच्या आत मीठ आणि सुकलेलं ग्रीस मिळून साबणाच्या वडीसारखा थर जमलेला. गोल ब्रश आणि रॉकेलचा बोळा घेऊन तो साफ करण्यात अख्खी दुपार गेली. मग मरीन ग्रीस लावलं. ज्यांच्या ट्यूबला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड आहे त्यांनी दांडा पूर्ण आत घेऊनच पंप मारावा. दांडा बाहेर असताना मारला तर रिकाम्या जागेत ग्रीस भरतं आणि दांडा परत आत जाताना अडतो. केबलच्या दोन क्लिपा सुटल्या होत्या, त्या पुन्हा बसवल्या. आता माप दीड सेंटिमीटर.

डावीकडची ओढ हा वेगळा विषय. प्रोपेलरच्या वर, इंजिनच्या आडव्या प्लेटखाली ट्रिम टॅब नावाचा छोटा, वळवता येणारा पंख असतो. बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला त्याची मागची कड थोडी वळवायची. पण ते पाण्यात, नेहमीच्या वेगाला तपासल्याशिवाय हात लावणार नाही.

उरलेला दीड सेंटिमीटर बहुधा चाकामागच्या गिअरमधला आहे. चिकटपट्टीच्या खुणा तशाच ठेवल्यात. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी भरतीला बोट उतरवतोय. परत आल्यावर पुन्हा मोजेन आणि माप वाढलेलं दिसलं तर डॅश उघडेन.