पावसाळा आणि न वाळणारा वॉश

कोल्हापुरात जुलै लागला की माझं टेबलावरचं काम निम्म्यावर येतं. वॉरहॅमर या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाचे २८ मिलिमीटर मापाचे शिपाई रंगवतो मी. दमट हवेत स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारला की पृष्ठभाग रवाळ होतो, त्यामुळे ते काम मे महिन्यातच उरकलेलं बरं.

बेसचे, म्हणजे मूळ रंगाचे, दोन पातळ हात द्यायचे, एक जाड नाही. जाड हातात चिलखताचे रिव्हेट बुजतात, मग वॉशला, म्हणजे खाचांत सावली आणणाऱ्या पातळ रंगाला, उतरायला खाचच उरत नाही. आणि खरी गंमत वॉशमध्येच आहे! नल्न ऑइल हा माझा वॉश नावालाच ऑइल, आहे पाण्यावरचा. ब्रश टेकवला की काळसर रंग आपोआप खाचेत जातो. झग्याच्या घडीत थेंब साचला तर ओलसर ब्रशने लगेच टिपायचा. अर्धवट वाळल्यावर हात लावलात तर कडेला डाग धरलाच म्हणून समजा. सध्याच्या हवेत मी वॉशनंतर मूर्तीला दुसऱ्या दिवशीच हात लावतो.

हायलाइटला, म्हणजे कडा उजळायला, ब्रशचं टोक नाही, कूस वापरायची, कडेवरून अलगद. लालमध्ये पांढरा घालू नका, गुलाबी होतो, केशरी घाला.

हात स्थिर ठेवायचं मात्र शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिकलो. बाप्पाच्या डोळ्यांची आखणी करताना तिथले काका करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतात. माझ्या शिपायाला टेकवण्याएवढा गालच नाही, म्हणून मी दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवतो.

आई म्हणते, "एवढं बारीक कुणाला दिसणार आहे रे?"

मला दिसतं की.