टोटल लॉसचे पत्र आणि साठ हजारांचा फरक : माझा अनुभव

दहा वर्षे ओलांडलेल्या गाडीला अपघात झाला की वर्कशॉप, विमा कंपनी आणि गाडीमालक या तिघांपैकी मालकालाच सर्वांत कमी कळते, असे गृहीत धरून पुढचा सगळा व्यवहार चालतो. माझ्या २०१४ सालच्या डिझेल स्विफ्टच्या बाबतीत हे गृहीतक मला साठ हजार रुपयांना पडले असते. तो प्रसंग टळला, पण त्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागला त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अपघात साधाच होता. गाळप हंगामात पुणे महामार्गावरून रात्री सोलापूरकडे येताना मोहोळच्या अलीकडे, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली पुढे उभी होती. ब्रेक लागला, तरी गाडीचे तोंड ट्रॉलीखाली गेले आणि दोन्ही एअरबॅग उघडल्या. कोणाला इजा झाली नाही. कंपनीला त्याच रात्री कळवले, दुसऱ्या दिवशी गाडी उचलून वर्कशॉपला आणली, नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर वेळेवर येऊन फोटो काढून गेले. इथपर्यंत कोणाविषयीही तक्रार नाही.

वर्कशॉपने गाडी खोलून २,३५,००० रुपयांचे एस्टिमेट दिले. त्यात सुटे भाग १,८०,००० रुपयांचे आणि बाकीची मजुरी व रंगकाम. एअरबॅग उघडली की केवळ ती फुगलेली पिशवी बदलून भागत नाही. तिचे कंट्रोल युनिट, फाटलेला डॅशबोर्ड आणि ओढून घेणारे सीटबेल्टही बदलावे लागतात, आणि जुन्या गाडीचे एस्टिमेट फुगते ते येथेच. माझ्या पॉलिसीत गाडीचा आयडीव्ही, म्हणजे कंपनीने मान्य केलेली विमा किंमत, २,६०,००० रुपये होता. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी पूर्ण विमा किंमत द्यावी अशी, धरता येते, असे पॉलिसीतच लिहिलेले असते. येथे ती मर्यादा १,९५,००० रुपये होती. गाडी दुरुस्तच करून घ्या असे ठरले असते तरी फारसे हाती लागले नसते, कारण रबर, प्लॅस्टिक, बॅटरी आणि एअरबॅग यांवर पहिल्या दिवसापासून ५० टक्के घसारा कापला जातो आणि गाडी दहा वर्षांपुढे गेली की पत्र्याच्या व धातूच्या भागांवरही तेवढाच. घसारा नाही तो फक्त काचेवर. म्हणजे वर्कशॉपच्या बिलापैकी लाखभर रुपये मलाच भरावे लागले असते.

त्यामुळे टोटल लॉस म्हटल्यावर मला वाईट वाटले नाही. पण कंपनीचे पत्र आले त्यात मांडणी वेगळीच होती. गाडीचा बाजारभाव २,००,००० रुपये, सॅल्व्हेजला, म्हणजे आहे त्या अवस्थेतील मोडक्या गाडीला, ऑनलाइन लिलावात मिळालेला भाव ८५,००० रुपये, सक्तीची वजावट (दाव्यात मालकानेच सोसायची ठरावीक रक्कम) १,००० रुपये, गाडी आर.सी.सह (नोंदणी प्रमाणपत्रासह) स्वतःकडे ठेवायची असल्यास १,१४,००० रुपये मिळतील, सोबतच्या संमतिपत्रावर सही करून पाठवावी. आयडीव्हीचा त्या पत्रात कोठेही उल्लेख नव्हता.

फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्यांचे उत्तर असे होते, ‘साहेब, दहा वर्षांच्या गाडीला एवढे मिळतात हेच खूप आहे. सही करा, चार दिवसांत पैसे खात्यात जमा होतील.’ मी विचारले की हप्ता घेताना गाडी २,६०,००० रुपयांची होती, ती सहा महिन्यांत २,००,००० रुपयांची कशी झाली. त्यावर जुन्या गाड्यांच्या संकेतस्थळांवर याच मॉडेलला काय भाव चालू आहे ते त्यांनी मला वाचून दाखवले. पुढच्या फोनवर दुसरेच गृहस्थ होते आणि त्यांना आधीचे काहीच ठाऊक नव्हते, त्यामुळे सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. त्यानंतर फाइल ‘वर’ गेली होती. ती वर म्हणजे नेमकी कोठे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मधल्या काळात वर्कशॉपमधून गाडी हलवण्यासाठी तगादा सुरू झाला, कारण काम होणार नसेल तर त्यांना जागेचे दिवसाप्रमाणे भाडे हवे होते. घाईत सही होते ती या भाड्याच्या धास्तीने, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैतागून मी पॉलिसीची सगळी पाने काढून बसलो. आयडीव्हीच्या कलमात सरळ लिहिले होते की टोटल लॉसच्या दाव्यासाठी पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत आयडीव्ही हीच गाडीची बाजारातील किंमत मानली जाईल आणि त्यावर आणखी घसारा लावला जाणार नाही. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचा आयडीव्ही ठरलेल्या टक्केवारीने निघतो, त्यापुढच्या गाडीचा मात्र कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरतो. म्हणजे माझ्या गाडीची २,६०,००० ही रक्कम कंपनीने स्वतः कबूल केलेली होती आणि तिच्यावरच हप्ता घेतलेला होता. नूतनीकरणाच्या वेळी मान्य केलेली किंमत दाव्याच्या वेळी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मधील एका निकालात म्हटले आहे.

त्यानंतर फोन बंद केले आणि फक्त ईमेल पाठवले. पहिल्या ईमेलमध्ये सर्व्हे अहवालाची प्रत मागितली, जी मिळणे हा विमाधारकाचा हक्क आहे. अहवाल आला तेव्हा सर्व्हेअरने आयडीव्ही २,६०,००० असाच नोंदवल्याचे दिसले. २,००,००० हा आकडा त्यानंतर कार्यालयात जन्माला आला होता. दुसऱ्या ईमेलमध्ये ते कलम जसेच्या तसे उतरवून खाली हिशेब मांडला : २,६०,००० वजा ८५,००० वजा १,०००, म्हणजे १,७४,००० रुपये. हे सगळे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवले. तेथून ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ एवढेच छापील उत्तर आले, तेव्हा तीच कागदपत्रे विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर चढवली आणि समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार असल्याचे कळवले. लोकपालांकडे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही की वर्षभराच्या आत तेथे जाता येते. मला जावे लागले नाही. पोर्टलवर तक्रार चढल्यावर जे पत्र आले त्यात १,७४,००० रुपये लिहिलेले होते आणि फरकाबद्दल एका शब्दाचेही स्पष्टीकरण नव्हते. ते पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवले, हे लपवत नाही.

सॅल्व्हेजच्या ८५,००० बद्दल मात्र मी वाद घातला नाही. येथील भंगारवाले साठच्या वर बोलत नव्हते, पण लिलावात त्या भावाने घेणारा खरोखर उभा असेल तर कंपनीने तोच आकडा धरणे रास्त आहे.

गाडी ठेवण्याचा निर्णय या पत्रव्यवहाराच्या आधीच झाला होता आणि तो अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये झाला. तेथील चाचांनी एस्टिमेटकडे पाहिलेसुद्धा नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करून त्यांनी तळाच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने खुणा केल्या, गाडी मागे ढकलली आणि त्या खुणांमधली तिरकी अंतरे टेपने दोन्ही बाजूंनी मोजली. फरक फक्त पुढच्या टोकाला होता. ‘खांब सरळ आहेत, गाडी होते,’ असे ते म्हणाले. दाराचे खांब किंवा तळ वाकला असता तर मी स्वतःच गाडी सोडून दिली असती. एअरबॅग, कंट्रोल युनिट व सीटबेल्ट नवे, कंपनीचे. बॉनेट, दिवे आणि रेडिएटरची चौकट जुन्या बाजारातील. असे सगळे मिळून काम १,४२,००० रुपयांत झाले. एअरबॅगमध्ये जुना माल घेऊ नये, तेथे काटकसरीला जागा नाही.

आता आठवतील तशा काही गोष्टी. गाडी वर्कशॉपला सोडतानाच बॅटरी, टायर, स्टेपनी, म्युझिक सिस्टिम आणि मीटरचे आकडे यांचे फोटो काढावेत. नव्या नियमांप्रमाणे सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल आणि कंपनीने त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तारखा लिहून ठेवल्या की ईमेलमध्ये उपयोगी पडतात. गाडी ठेवण्याचा पर्याय आर.सी. रद्द करून आहे की आर.सी.सह, हे पत्रात नीट पाहावे, कारण रद्द झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. उलट गाडी देऊन टाकणार असाल तर आर.टी.ओ.तून नोंदणी रद्द करून घेतल्याशिवाय ती सोडू नये आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नयेत. टोटल लॉस गाड्यांचे चेसिस नंबर चोरीच्या गाड्यांना लावण्याचे उद्योग चालतात आणि पोलीस पहिल्यांदा कागदावरच्या मालकाकडे येतात. गाडी जात असेल तर फास्टॅगही बंद करावा.

नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यात चारपाचशे रुपये वाचवण्यासाठी एजंट आयडीव्ही खाली आणायला सुचवतात, ते ऐकू नये. टोटल लॉसचे पैसे मिळाले की जुनी पॉलिसी संपते, म्हणून गॅरेजमधून गाडी बाहेर काढण्यापूर्वी नवीन विमा घ्यावा लागतो. त्यासाठी तपासणी होते, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. माझा ५० टक्के बोनस असा गेला. नवीन विमा मी दुसऱ्या कंपनीकडून घेतला.