भिंतीवरचं वचन आणि ब्लो होल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. ऑफिस म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, त्यावर बायबलमधल्या वचनांचं कॅलेंडर. नवा माणूस आला की आधी त्याच्याकडं बघतो, मग माझ्याकडं. "ख्रिश्चन काय ओ तुम्ही?" "व्हय." "मग नाताळला केक पायजे बघा!" झाली ओळख.

मागच्या पावसाळ्यात पंपाच्या बॉडीचा लॉट आला होता. बोअर मारताना एका जॉबला आत वाटाण्याएवढं ब्लो होल निघालं, म्हणजे फौंड्रीत ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी. मशीनवरचं पोरगं म्हणालं, "मालक, पुट्टी भरतो, पॉलिश पेपर मारतो. रंगाखाली कुणाला दिसतंय?" दिसत नाहीच. पंप कुणाच्या तरी उसाच्या शेतात जाऊन बसतो आणि गळायला लागेपर्यंत बिलाचा कागदही सापडत नसतो. खडूनं फुली मारून जॉब बाजूला ठेवायला लावला. मजुरी बुडाली, फौंड्रीवाल्याशी वाजलं ते वेगळंच. ऑर्डर न्यायला आलेले मामा त्या फुलीकडं बघून म्हणाले, "भिंतीवर ते लावलंय, तवा तुम्हाला तसलं करता बी येत न्हाई." चेष्टेत म्हणाले, पण बरोबर म्हणाले. कॅलेंडर टांगणं म्हणजे दुकानदाराच्या वहीत आपण होऊन उधारी मांडून घेणं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५व्या अध्यायात येशू सांगतो, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या. ६व्यात लगेच बजावतो, लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. मला दोन्ही पटतात. गाडीच्या काचेवर वचन चिकटवून सिग्नल तोडणारे आमच्यातही कमी नाहीत. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या. पुढं मिशनच्याच वानलेस डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना उभा केला. त्यांची प्रवचनं आज कुणाला आठवतात? 'मिशनचा दवाखाना' मात्र खेड्यापाड्यात माहीत आहे.

अवघड प्रकरण खंडेनवमीचं. पोरं मशिनी धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. झेंडूचे पैसे मी देतो, पेढे मी आणतो. आरतीला उभा राहत नाही, आणि हे त्यांना पहिल्याच वर्षी नीट सांगितलंय. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. रविवारी सकाळी मी उपासनेला जातो म्हणून शॉप बंद असतं, तेही त्यांनी असंच मान्य केलंय. आमच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांना मात्र हे झेंडूचे पैसे खुपतात. बायबलमधल्या पत्रात पौलानं मूर्तींच्या नैवेद्याबद्दल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना काय लिहिलं, ते मला दरवर्षी ऐकवतात. मीही त्याच पत्रातलं त्यांना ऐकवतो. वाद काही मिटत नाही, दसरा मात्र दरवर्षी येतो, आणि बाजारात झेंडूचा भाव आत्तापासूनच चढलाय.