खाडे

आमच्या घरात कॅलेंडर बदलायचं काम माझ्याकडे आहे. ३१ डिसेंबरला, संध्याकाळी दिवे लागल्यावर. त्याआधी नाही. सरत्या वर्षाचे दिवस शिल्लक असताना त्याला खिळ्यावरून उतरवणं आईला पटत नाही. "माणूस आहे अजून, आणि तुम्ही खाट बाहेर काढताय," असं ती एकदा म्हणाली होती. त्यामुळे नवं कालनिर्णय दिवाळीपासून कपाटावर गुंडाळी होऊन पडून असतं आणि शेवटच्या दिवशी मी ते उलटं गुंडाळून सरळ करत बसते.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केलं. आजी सांगायची, पहिल्या वर्षापासून ते आपल्या भिंतीवर आहे. हिशेब लावला तर आजी त्या साली परळला आलेलीच नव्हती, पण हे तिला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

आमच्याकडे तिथी-वार बघायला कॅलेंडर लागतं ते वर्षातून फार तर वीस वेळा. बाकी ते दुधासाठी असतं. रोज एक लिटर, ते लिहायचं नाही. पाहुणे आले तर 'दीड'. आणि दूध आलं नाही किंवा आपण नको सांगितलं तर 'खा'. खा म्हणजे खाडा. महिनाअखेरीस आई चष्मा लावून खाडे मोजते आणि दूधवाल्याशी तिचं वाजतं. त्याच्या वहीत चार, आमच्या भिंतीवर सहा. भिंत जिंकते.

याच चौकोनांत लाल पेनाने माझी अक्षरं असतात. 'सु', 'प्रा', 'अ'. मैत्रिणींचे वाढदिवस. अकरावीत सुरू केलेला उद्योग आहे. फोन आठवण करून देतो हे मलाही कळतं, पण फोनवरची तारीख फोनची असते. भिंतीवर लिहिली की ती घराची होते. आई भाजी निवडता निवडता विचारते, "उद्या सु ना? काय देणार आहेस?" दरवर्षी जुन्या कॅलेंडरावरून नव्यावर ही तीन अक्षरं उतरवली की मगच नवं भिंतीवर चढतं.

या वेळी, २०२५ सरताना, दोन्ही कॅलेंडरं जमिनीवर पसरून बसले आणि पेन हातातच राहिलं.

आम्ही चौघी. माटुंग्याच्या कॉलेजात एका बाकावर तिघींची जागा होती, तिथे चौघी बसायचो. रुईया नाक्यावर दोन वडापाव चौघींत. ग्रुपचं नाव 'साडेतीन शहाण्या'. त्यातली अर्धी कोण, यावर नऊ वर्षं वाद चालू आहे. नाही, 'होता' म्हणायला हवं. या वर्षी तो एकदाही निघाला नाही. ग्रुपवर वर चढत गेले तर गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, मग रक्षाबंधनाच्या, मग दिवाळीच्या. पणत्यांची चित्रं. ज्या मुलींनी एकमेकींच्या उवा काढल्या त्या एकमेकींना 'आपणास व आपल्या परिवारास' पाठवत होत्या.

भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं, निदान चौकोनात तारीख टाकता आली असती.

म्हणून मग मी जुनं कॅलेंडर पान पान मागे घेत गेले, कुठे काय सांडलं ते बघायला.

फेब्रुवारीत सु हिंजवडीला गेली. चांगली नोकरी, चांगला पगार, खोलीला खिडकी. मार्चमधल्या तिच्या वाढदिवसाला तिघींनी व्हिडिओ कॉलवर केक कापला, म्हणजे तिने कापला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात २६ तारखेच्या चौकोनात आईचं अक्षर आहे: 'पाऊस. कुरडया गेल्या.' हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईचा मुहूर्त ११ जूनचा, तो या वर्षी सोळा दिवस आधीच आला आणि गॅलरीतलं सगळं वाळवण भिजलं. आईने त्या पावसाला अजून माफ केलेलं नाही.

ऑगस्टचं पान मात्र मला पटकन उलटता येईना.

१२ ऑगस्टला अंगारकी होती. अंगारकीच्या आदल्या रात्री सिद्धिविनायकाला चालत जायचं, ही आमची बारावीपासूनची रीत. भक्ती किती आणि रात्री घराबाहेर राहायला मिळतं याचा आनंद किती, ते बाप्पाला माहीत आहे. सगळ्या आमच्याकडे जमायच्या. दहाला आईचा चहा, मग एल्फिन्स्टनचा पूल ओलांडून प्रभादेवी. पुलावर मधोमध थांबून खालून लोकल जाऊ द्यायची, हाही नियम होता. परीक्षा असेल तर दोन लोकल.

या वेळी सु पुण्यात. प्रा घरसामान बांधण्यात. राहिली अ. तिचं घर प्रभादेवीतच, पुलापलीकडे, आमच्यापासून पायी पंधरा मिनिटांवर. ती म्हणाली, "मी कशाला उगाच तिकडे येऊन परत फिरू? पुलाच्या या टोकाला भेट ना." बरोबरच होतं तिचं. नऊ वर्षं ती उगाच येऊन परत फिरत होती, हे आम्हा दोघींच्याही तोवर लक्षात आलं नव्हतं. आईने चहा टाकला होता, तो मी आणि बाबांनी प्यायला.

रांगेत बोलायला वेळच वेळ होता. ऑफिस सांगून झालं. तिचा नवा मॅनेजर सांगून झाला. माझ्या ताईचं लग्न तिला फोटोंत दिसलंच होतं. मग ती म्हणाली, "बाकी काय?" मी म्हटलं, "बाकी काही नाही. तू बोल." रांग दहा पावलं सरकली. मी विचारलं, "बाकी?" पुढच्या काकूंनी मागे वळून पाहिलं. मला वाटतं त्यांनी मोजले असावेत, पहाटेपर्यंत सात तरी 'बाकी काय' झाले. एकेकाळी आमच्या बोलण्यात बाकी उरायचीच नाही. वजाबाकी इतकी नीट करायचो की दुसऱ्या दिवशी शून्यावरून सुरू व्हायचं. आता महिन्यांचं इतकं साचलं होतं की कुठून काढावं ते कळत नव्हतं, म्हणून दोघी झाकणावरूनच हात फिरवत होतो.

दर्शन छान झालं. ती रिक्षासारखी मान हलवत, म्हणजे झोपेत, घरी गेली. (मुंबईच्या या भागात रिक्षा नाहीत, पण उपमा तिचीच आहे, बोरिवलीच्या मामाकडून आणलेली.) मी एकटी पूल चढले. खालून पहिल्या गाड्यांपैकी एक गेली. मी थांबले नाही.

बरोब्बर महिन्याने, १२ सप्टेंबरला, तो पूल बंद झाला. शिवडीहून वरळीला जाणाऱ्या नव्या उन्नत रस्त्यासाठी जुना पूल पाडून तिथे दुमजली पूल होणार आहे. गाड्यांना टिळक पुलाचा नाहीतर करी रोडचा वळसा. आता अ आणि मी सांगायला मोकळ्या झालो: "अगं, पूल बंद आहे ना!" सगळ्या परळ-प्रभादेवीत त्या बंद पुलाचा फायदा झालेल्या आम्ही दोघीच असू.

'प्रा'ची गोष्ट वेगळी. ती वरळीच्या बीडीडी चाळीतली. १४ ऑगस्टला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यातली एक त्यांची. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, तेही चाळीस मजली इमारतीत. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात रडले. त्या १६० फुटांत आम्ही चौघींनी अभ्यास केला होता, पाय तिच्या आजीच्या खाटेखाली घालून. दार कधी लोटलेलं आठवत नाही. चप्पल दिसली की कोण आलंय ते कळायचं.

दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन गेले. खाली वॉचमनदादांनी अडवलं. "कुणाकडे? काम काय?" मी म्हटलं, "सोनं द्यायचंय." ते दचकले. मग पिशवीतली पानं दाखवली तेव्हा हसले, पण वहीत नोंद करावीच लागली. 'येण्याचे कारण' या रकान्यात मी 'सोने' असं लिहून आले. प्रा घरी नव्हती, तिला सुट्टीतही काम होतं. काकूंनी घर दाखवलं. सगळ्यात आधी संडास. आयुष्यभर डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई स्वतःच्या घरातला संडास दाखवते तेव्हा तो देवघरासारखाच बघायचा असतो. मग गॅलरीत उभं राहून त्या म्हणाल्या, "सगळं आहे गं. पण दिवसभर दार बंद. तू आलीस ना, आज पहिल्यांदा बेल कशी वाजते ते कळलं."

रात्री प्राचा मेसेज आला: 'आईने सांगितलं. सॉरी यार. भेटू लवकर.' लवकर हा शब्द मी त्या चौकोनात लिहिला असता तर बरं झालं असतं. व्याज तरी लावता आलं असतं.

इथपर्यंत माझं नीट चाललं होतं. सु गेली, प्रा गुंतली, अ बदलली. मी बिचारी परळला, खिळ्यावर. मग नोव्हेंबरचं पान आलं.

२ नोव्हेंबर, रविवार. चौकोनात लाल 'अ'. त्याच दिवशी नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल होती. पावसामुळे उशिरा सुरू झाली, अख्खी चाळ एका टीव्हीपुढे. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तेव्हा मध्यरात्र झाली होती. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि आमच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या मावशी नाचल्या. मी व्हिडिओ काढले, स्टेटसला टाकले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवर 'अ' दिसला. साडेबारा वाजले होते. वाढदिवस संपला होता. अ ने माझं स्टेटस पाहिलेलं होतं.

मी सकाळी मेसेज टाकला. फोन नाही केला. फोन केला असता तर बोलावं लागलं असतं.

आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारलं, "खाडे किती झाले की दूधवाला बदलायचा?" ती म्हणाली, "खाड्यांनी कुणी बदलत नाही. तो गोदरेजच्या मागचा, आठवतो? तो यायचाच बंद झाला. त्याचे कुठे खाडे लिहिले आपण? ज्याची वाट बघतो त्याचेच लिहितो." आणि तिने एक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. तिला यात काही मोठं बोलल्यासारखं वाटलं नाही, तिचं लक्ष नव्या कॅलेंडरावर होतं. नव्या वर्षात अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ताईच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, आणि आईचे अनारसे तुपात विरघळतात ही तिची जुनी जखम आहे.

अधिक महिना का येतो हे मला बाबांनी शाळेत असताना बोटांवर समजावलं होतं. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. कुणाची चूक नाही, दोघं आपापल्या चालीने चाललेले. पण ती भरलीच नाही तर श्रावण भर उन्हाळ्यात येईल. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना मध्ये घालतात. मागचा २०२३ मध्ये, अधिक श्रावण. तेव्हा मला फक्त सण पुढे गेल्याचा राग आला होता. तूट भरायला कुणीतरी बसून हिशेब करतं, याचं अप्रूप आता वाटलं.

मार्चात 'सु' लिहिलं. जुलैत 'प्रा'. मग जानेवारीचं पान समोर आलं आणि ६ तारखेच्या मंगळवारी छापलेलं दिसलं: अंगारकी.

मी ग्रुपवर टाकलं: 'पाच तारखेला रात्री निघायचं का? पूल नाहीये. टिळक पुलावरून वळसा घालू. चहा आमच्याकडे.'

सुने दोन मिनिटांत लिहिलं, 'मला सुट्टी नाही. कॉल लावून ठेवा, मी हिंजवडीत चालते.' प्राने लिहिलं, 'येते. कारण: सोने.' तिला वही दाखवली होती वाटतं कुणीतरी. अ च्या नावाखाली दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.

नोव्हेंबरच्या पानावर २ तारीख यंदा सोमवारी आहे. तिथे 'अ' लिहिलं, जरा मोठंच आलं. कॅलेंडर खिळ्यावर चढवलं. बारा वाजता गोदीतल्या जहाजांचे भोंगे वाजले, ते आमच्या गॅलरीत दरवर्षी ऐकू येतात. चाळीत सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते. मी फोन पाहिला. निळ्या खुणा, बस्स.

आज दोन तारीख. तिचं उत्तर आलेलं नाही. सकाळी चहाचं पाणी ठेवताना भिंतीकडे नजर गेली. ५ जानेवारीच्या चौकोनात आईचं अक्षर होतं: 'दीड'.