किमती दाखवल्याच नव्हत्या

त्या गुरुवारी दुपारी साडेबाराला एजंटने, म्हणजे आमची कामं उरकणाऱ्या एआयने, कळवलं, '२१२ पैकी २१२ प्रॉडक्ट अपडेट झाली.' मी लॉग, म्हणजे त्याने केलेल्या कामाची नोंद, चाळला. एकही एरर नव्हता. जेवायला गेलो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या प्रायसिंग बघणाऱ्या ताई लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. स्क्रीनवर इंडोनेशियाची एक ऑर्डर उघडी होती. "हा संच तिथे पाच हजार रुपियाला आहे. हे सोळा हजार कुठून आले?"

आमचं ॲप लहान मुलांच्या ऐकायच्या गोष्टींचं. गूगल प्लेवर प्रत्येक संच म्हणजे एक वेगळं इन-ॲप प्रॉडक्ट. भारतात ८९ रुपये. बाकी देशांत किती ते ताई ठरवतात, आणि नुसतं चलन बदलून नव्हे. तिथले आईबाप एवढ्याशा खरेदीला किती मोजतात ते बघत, आकडे हलवत त्यांनी दोन वर्षं काढली आहेत. बाहेरच्याला किंमत म्हणजे एक आकडा वाटतो. एपीआयमध्ये, म्हणजे आमचे प्रोग्रॅम ज्या जोडणीतून गूगल प्लेशी बोलतात तिथे, ती देशागणिक वेगळी नोंद असते, तीही मायक्रोमध्ये, म्हणजे चलनाच्या दहा लाखाव्या भागात: ८९ रुपये म्हणजे ८,९०,००,०००. एका प्रॉडक्टमागे शंभराहून जास्त देश, आणि अशी २१२ प्रॉडक्ट.

त्या दिवशीचं काम तर किमतींचं नव्हतंच. फक्त वर्णनं बदलायची होती. एजंटला प्लेच्या एपीआयशी जोडणारं एमसीपी टूल (एमसीपी म्हणजे एआयला बाहेरच्या सेवांशी जोडायची एक ठरलेली पद्धत) मीच लिहिलेलं. त्यात बॅच अपडेट आहे, म्हणजे अनेक प्रॉडक्ट एकदम बदलायची सोय. एका कॉलमध्ये जास्तीत जास्त १०० प्रॉडक्ट जातात, म्हणजे आमचे तीन कॉल: १००, १०० आणि १२. यादी मागवली की किमतींचे ते प्रचंड तक्ते एजंटचा सगळा कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्याला एका वेळी ध्यानात ठेवता येतं तेवढी जागा, खाऊन टाकायचे आणि तो निम्म्यात भरकटायचा. म्हणून प्रतिसादातून किमतींचा भाग कापून पुढे पाठवायची सोय मी केली होती. आठ ओळींचं फंक्शन. एजंट कसा सरळ चालायला लागला होता! त्या आठ ओळींचा मला अभिमान होता.

बॅच अपडेटमध्ये प्रॉडक्टची आख्खी नोंद परत पाठवावी लागते. एजंटने त्याला दिसलेली नोंद घेतली, वर्णन बदललं आणि परत पाठवली. त्यात किमतींचा तक्ता नव्हता, कारण तो त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आणि एपीआयमध्ये एक खूण असते: ज्या देशांची किंमत दिलेली नाही, त्यांची मूळ किमतीवरून चलन बदलून भरून घ्या. एपीआयमध्ये ती मुळात बंद असते. नवीन संच टाकताना बरं पडतं म्हणून माझ्या टूलमध्ये मी ती कायमची चालू ठेवली होती. बस, ताईंची दोन वर्षं तीन कॉलमध्ये पुसली गेली.

दुपारी मी फोनवर तपासलंही होतं. जुनंच वर्णन, जुनीच किंमत. बदल सावकाश पसरू देणारा पर्याय एजंटने निवडला होता. त्यात तेवढ्याच वेळात जास्त अपडेट करता येतात, पण ग्राहकापर्यंत बदल पोचायला २४ तास लागू शकतात. 'पोचेल हळूहळू,' म्हणून मी फोन खिशात टाकला.

परत भरायला लॉगचा उपयोग नव्हता, तिथेही माझं कापलेलंच आलं होतं. वाचवलं ते ताईंच्या शीटने. दर सोमवारी त्या सगळ्या किमती हाताने उतरवून ठेवतात. या सवयीला आम्ही मंडळी 'जुनी पद्धत' म्हणायचो, आणि ते म्हणणं अत्यंत उद्धट होतं. रात्री साडेदहापर्यंत दोघं बसलो. त्या देश वाचायच्या, मी मायक्रोतला आकडा पडताळायचो. या वेळी झटपट पसरणारा पर्याय लावला. ताशी ७,२०० अपडेटची मर्यादा आमच्या २१२ ला भरपूर होती. जास्तीचे पैसे गेलेल्या नऊ ग्राहकांना दुसऱ्या दिवशी पूर्ण रिफंड दिला.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये वरिष्ठांनी कारणाच्या रकान्यात 'एआयची चूक' लिहिलं. मी ते खोडायला लावलं. हा शब्द हल्ली फार सोयीचा झालाय, आणि तो लिहिला की पुढे कोणी काही शोधत नाही. त्या जागी माझ्या फंक्शनचं नाव घातलं. आता टूल तक्ता कापतं तेव्हा तिथे किती देशांच्या किमती झाकल्या आहेत ते लिहून ठेवतं. अशी झाकलेली नोंद परत आली तर ती पुढे पाठवत नाही, आणि किंमत एका देशाची जरी बदलणार असेल तरी आधीची-नंतरची समोर मांडून थांबतं.

पण ताईंनी त्या रात्री निघताना विचारलेलं अजून डोक्यातून जात नाही. "कापताना तू मला का नाही विचारलंस रे? त्या तक्त्यात काय असतं ते मी सांगितलं असतं."

ताई माझ्यापासून तीन टेबलं पलीकडे बसतात.