आमची वाटचाल : फुलाकडून मुळाकडे

नर्सरी सुरू केली तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि बायको, आणि डोक्यात एकच होतं की फुलावर आलेलं झाड पटकन विकलं जातं. जायचंही. जरबेरा, डेलिली, कर्दळ, सगळं बहरात असतानाच पुढे मांडायचो, पण दोनेक महिन्यांनी झाड नेलेल्यांपैकीच काही मंडळी परत यायची, झाड मेलं म्हणून, आणि आम्ही सरळ म्हणायचो की पाणी जास्त झालं असेल.

मग एक ताई मेलेला जरबेरा कुंडीसकट घेऊन आल्या. उपटून बघितला तर मधला गाभा, जिथून पानं फुटतात तो, चांगला दोन बोटं मातीत गाडलेला आणि पार सडलेला. झाड घट्ट बसावं म्हणून त्यांनी खोल लावलं होतं आणि आम्ही विकताना काहीच सांगितलं नव्हतं. खूप वाईट वाटलं.

तेव्हापासून रोप देताना कुंडीतून काढून मुळंच दाखवतो. गोल गुंडाळली असतील तर हलक्या हाताने मोकळी करायची, जरबेऱ्याचा गाभा मातीच्या जरा वर ठेवायचा, पालापाचोळा पसरायचा पण खोडाला चिकटू द्यायचा नाही. कर्दळीचं वेगळं, तिचा कंद चार बोटं खाली गेला तरी मस्त फुटतो. म्हणून प्रत्येक रोपासोबत हाताने लिहिलेली वेगळी चिठ्ठी देतो, वेळ जातो पण त्याशिवाय रोप बाहेर जात नाही.

दुसरा बदल जास्त अवघड होता. डेलिलीचा ठोंब तीन-चार वर्षांत दाटतो, फुलं कमी होतात, मग लोक खत वाढवतात आणि त्यात नायट्रोजन जास्त असलं की नुसती पानंच माजतात. खरं तर बहर संपल्यावर ठोंब खणून काढायचा, प्रत्येक भागाला मुळं आणि दोन-तीन फुटवे ठेवून वेगळं करायचं, कंपोस्ट मिसळून मोकळं लावायचं, म्हणजे मधून हवा खेळते. हे सांगायला लागलो तर ओळखीचे म्हणाले, अरे एका रोपाची पाच झाली तर तुमच्याकडे परत कोण येईल? पहिलं वर्ष खरंच ओढाताणीचं गेलं. पण लोक आले, जास्तीचे फुटवे घेऊन आले, बदल्यात दुसरं काही आहे का विचारायला. आता गेटजवळचा एक अख्खा वाफा त्या अदलाबदलीसाठीच ठेवलाय, तिथे काहीच विकत नाही.